बराटेसच्या ओळीसाठी यंदाची वर्गणी

ईशान्य इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या परिसरातल्या सर्व मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार. इथल्या रोमन अवशेषांच्या जतनासाठी यंदा गणपतीच्या वर्गणीसोबत थोडी मदत मागायला हे पत्र लिहीत आहोत.

साउथ शील्ड्सच्या किनाऱ्यावर आपण दर उन्हाळ्यात जातो. तिथून हाकेच्या अंतरावर अर्बिया हा रोमन किल्ला आहे. त्याच्या संग्रहालयातला एक थडग्याचा दगड निवांत बघा. वेताच्या खुर्चीत एक बाई बसली आहे. मांडीवर सूत कातायची चाती, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली, एक हात दागिन्यांच्या पेटीवर. चेहरा मात्र फुटून गेला आहे. तिचं नाव रेजिना, दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलाउनी जमातीतली, वय ३०. नवरा बराटेस, थेट सीरियातल्या पाल्मिराचा. ती आधी त्याची गुलाम होती, त्याने तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं.

दगडावरचा लॅटिन मजकूर विभक्तींच्या चुकांनी भरला आहे. त्याखाली मात्र बराटेसच्या मातृभाषेतली, म्हणजे पाल्मिराच्या अरामी बोलीतली, एकच ओळ आहे आणि तिचं अक्षर सफाईदार आहे: रेजिना, बराटेसने मुक्त केलेली, हाय रे!

दिवसभर इंग्रजीत वावरून दुःख मात्र मराठीतच होणाऱ्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. ‘रोमन अवशेषांशी आपला काय संबंध?’ असं मागच्या बैठकीत काही जणांनी विचारलं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रोमन जग आपल्या पंचगंगेपर्यंत पोचलं होतं हे ठाऊक आहे. आणि तो संबंध बाजूला ठेवला, तरी आपली मुलं याच मातीत वाढत आहेत. एवढं कारण आम्हाला पुरेसं वाटतं.

सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये सुरू केलेली भिंत वॉल्सएंडपासून सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत सुमारे ११७ किलोमीटर जाते. १९८७ पासून ती जागतिक वारसा आहे. पण तिची लूटही भरपूर झाली. अठराव्या शतकात लष्करी रस्ता बांधताना तिच्यावरूनच रस्ता नेला, दगड फोडून खडी केली. पुढे न्यूकॅसलचे टाउन क्लार्क जॉन क्लेटन यांनी स्वतःच्या पैशाने भिंतीलगतची शेतं एकेक करून विकत घेतली आणि दगडांची उचल थांबवली. आज फोटो काढायला आपण जिथे उभे राहतो, त्यातला बराच भाग त्यांच्यामुळे शिल्लक आहे.

आजचा धोका वेगळा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. भिंतीजवळच्या व्हिंडोलंडा आणि मॅग्ना या रोमन किल्ल्यांचा खरा ठेवा जमिनीखालच्या ओल्या चिखलात आहे. तिथे हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडं आणि कापड जवळजवळ १,९०० वर्षं टिकलं. व्हिंडोलंडाला १९७३ पासून शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडू लागल्या. एकीत कुणालातरी मोजे, चपलांचे आणि आतल्या कपड्यांचे दोन-दोन जोड पाठवल्याची नोंद आहे. आपल्या आईच्या पार्सलची आठवण यावी! दुसरीत क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आणि लेखनिकाने लिहिलेल्या पत्राखाली स्वतःच्या हाताने चार मायेचे शब्द लिहिते.

आता उन्हाळे कोरडे पडतात, हिवाळ्यात पाऊस झोडपतो. मॅग्नाची दलदल वाळली की जमिनीला भेगा जातात, आत प्राणवायू शिरतो आणि जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलेलं चामडं कुजू लागतं. २०२५ मध्ये तिथे तब्बल ३२ सेंटिमीटर लांबीचा बूट निघाला. असे किती बूट, किती पत्रं अजून खाली आहेत, हे खणल्याशिवाय कळणार नाही, आणि चिखल वाळल्यावर खणून उपयोग नाही. म्हणून घाई आहे.

हे काम व्हिंडोलंडा ट्रस्ट करतो. १९७० मध्ये स्थापन झालेली ही धर्मादाय संस्था मुख्यतः तिकिटांवर आणि देणग्यांवर चालते. यंदा गणपतीच्या वर्गणीसोबत दर घरटी किमान १० पाउंड या कामासाठी द्यावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शक्य असेल त्यांनी जास्त द्यावेत. मात्र हे पैसे मंडळाच्या खात्यात भरू नका, थेट ट्रस्टला द्या आणि गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. तुम्ही इथे पुरेसा आयकर भरत असाल, तर तुमच्या प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स संस्थेला मिळतात.

पैशांइतकीच हातांची गरज आहे. उत्खननासाठी स्वयंसेवकांच्या जागा नोंदणी उघडताच भरतात, तेव्हा इच्छुकांनी आत्ताच नावं कळवावीत, आम्ही वेळेवर आठवण करू. लॅटिन किंवा अरामी जाणणारं कुणी आपल्यात असेल, तर जरूर पुढे यावं. अर्बियाच्या दगडांची माहिती आम्हाला मराठीत लिहून काढायची आहे. ज्यांचं अक्षर सुवाच्य आहे, चित्रं काढता येतात, ज्यांना मुलांना गोष्ट सांगता येते, असे सगळे हवे आहेत.

भिंतीकडे जाल तेव्हा कृपया तिच्यावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. भर हिवाळ्यात माती भिजलेली असते, तेव्हा वाटेवर गर्दी करून तुडवणंही टाळा.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे मिळून अर्बियाला जाऊ. रेजिनाच्या दगडापुढे मुलांना ती ओळ कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी, आधी मूळ भाषेत आणि मग मराठीत. डबे घरून आणावेत. वारा फार असतो, आजी-आजोबांसाठी शाली असू द्याव्यात.

आपली नम्र,
मंडळाची कार्यकारिणी