गरुडाच्या घरट्यावर ड्रोन कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर येत्या शनिवारी अंगणात गाड्या लागतील. मागच्या आगरात जुना रायवळ आंबा आहे, त्याच्या शेंड्याकडे पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं आहे, मी शाळेत होतो तेव्हापासूनचं. जोडी दरवर्षी त्याच्यावरच नव्या काटक्या रचते, आता ते एवढं झालंय की आई म्हणते वर कोणी बाजलं टाकलंय. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्री सापांचे मणके पडलेले असतात, लहानपणी तिथला पातेरा गोळा करायला आम्ही कोणी तयार नसायचो.

मी पडवीतूनच दुर्बिणीने बघतो. उबवणं सहाएक आठवडे चालतं, दोघं पाळीपाळीने बसतात, आणि खरं सांगायचं तर तासन्‌तास काहीच घडत नाही. मग एकदम बदकासारखा कर्कश आवाज येतो आणि दुसरा पायात मासा धरून उतरतो, त्या दोन मिनिटांसाठी सगळी सकाळ बसायचं.

गेल्या डिसेंबरात काही पाहुण्यांनी बीचवरून ड्रोन सोडला तो थेट घरट्यावर. मादी उठली, दोघं ड्रोनभोवती ओरडत फिरत राहिली आणि घरटं उघडं, भर दुपारचं ऊन, त्यात कावळे टपलेलेच. मी धावत जाऊन सांगितलं तर म्हणे काका आम्ही हातसुद्धा लावला नाही, फक्त शूट घेतोय. त्या हंगामात घरट्यातून एकही पिल्लू डोकं काढताना दिसलं नाही. ड्रोनमुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्यानंतर नर-मादी घरट्यावर नीट बसलेलीच दिसली नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं पण येतं, हे किती फोटोवाल्यांना माहीत आहे? बघायचंय ना, लांबून बघा, चांगली दुर्बीण घ्या, नोव्हेंबर ते मार्च झाडाखाली जाऊच नका.

आणि एक विनंती तुम्हाला पण आहे. पर्यटन पुरवणीत घरट्याचा फोटो छापलात तर जिल्ह्याचं नाव पुरे, गाव आणि वाडी छापू नका.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी