ताप आला की अंगही बघा

संपादक महोदय,

सध्या आपल्या पेपरात रोज डेंग्यूच्या बातम्या येतात. फवारणी, साचलेलं पाणी, कोरडा दिवस, सगळं बरोबर. पण आम्हा वावरात राबणाऱ्यांच्या मागे आणखी एक ताप लागलेला आहे, आणि त्याचं नाव छापून येतं ते माणूस दगावल्यावर. स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याने धुमाकूळ घातला, तेव्हा जो तो त्याच्यावरच बोलत होता. थंडी पडली अन् विषय संपला.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर माझ्या जावेला ताप भरला. धुऱ्यावरचं गवत कापून गुरांसाठी भारा आणायचा, हे तिचं रोजचं काम. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात प्लेटलेट कमी निघाल्या, डेंग्यू म्हणून भरती केलं. सलाईन झाले, महागडी इंजेक्शनं झाली, ताप काही हलेना. मग ती बरळायला लागली, पोरांनाही ओळखेना. गावात लगेच 'बाहेरचं आहे' म्हणून लिंबू उतरवणारे हजर. (त्यांनी पैसे तरी घेतले नाहीत.) शेवटी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, साडी सैल करायला लावली, आणि परकराच्या नाडीखाली, कमरेवर, काळी खपली सापडली. विडीचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडं. डॉक्सीसायक्लीन सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. शुद्धीवर आल्यावर जाऊ म्हणते, "मले वाटलं नाडी काचली असन." ती खपली ना दुखते ना खाजते, मग सांगणार तरी कोण?

गवतात, झुडपांत, उंदरांच्या बिळांजवळ डोळ्यांना धड दिसतही नाही एवढी किडीची पिल्लं असतात. ती अंगावर चढून कपडा घट्ट बसतो तिथे चावतात: कंबर, जांघ, काख, छातीखाली. त्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, तोवर गवत कापल्याचं कोणाच्या ध्यानातही राहत नाही. त्यांच्या चाव्यातून या रोगाचा जंतू अंगात शिरतो आणि बारीक रक्तवाहिन्यांना आतून धरतो. म्हणून प्लेटलेट उतरतात, आणि उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूपर्यंत जातो. सलाईनमधून नेहमी देतात त्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. उपयोगाची डॉक्सीसायक्लीनची गोळी स्वस्त आहे, शंभर मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसीन देतात. संशय आला तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करा, असं आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१५ सालीच सांगून ठेवलं आहे. चावल्या जागी खपली सगळ्यांनाच उठते असं नाही, पण दिसली तर रोग जवळपास पक्काच.

आता सांगा, पुरुष डॉक्टर, बाकावर दहा माणसं बसलेली, अशा खोलीत कोणती बाई कंबर उघडी करून दाखवणार? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीला दार आहे, पडदा नाही. जुलै ते दिवाळीपर्यंत तापाच्या प्रत्येक रुग्णाचं अंग नर्सताईंनी आडोशाला नेऊन एकदा बघावं, एवढंच मागणं आहे. आशाताई घरोघर फिरतातच, त्यांनाही ही खपली ओळखायला शिकवा. मशीन लागत नाही त्याला.

आणि एक विनंती आपल्यालाही. त्या खपलीचा रंगीत फोटो छापा. पहिल्या पानावर नको, तिथे पुढाऱ्यांची गर्दी असते. राशिभविष्याच्या शेजारी छापा, ते पान आमच्याकडे बाया वाचून घेतात.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. काटोल, जि. नागपूर