पट्टी उतरवणाऱ्या पेटीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतंच काका. डोंबिवलीत पेटीवाले काका पुष्कळ आहेत, तेव्हा तुम्हाला कोणी ओळखणार नाही. पण आभार मी चारचौघांतच मानणार. आईचा पाणउतारा झाला होता तोही चारचौघांतच.

ती हकीकत तुम्हाला मी अर्धवटच सांगितली होती. आमची हौशी मंडळी दर वर्षी संगीतकार अशोक पत्कींचा वाढदिवस साजरा करतात. 25 ऑगस्टला, नाहीतर जवळच्या रविवारी. सोसायटीचा हॉल, पत्कींची गाणी, बटाटेवडे आणि चहा. खुद्द पत्कींना याचा पत्ताही नसतो. केक आणावा का, यावर दर वर्षी वाद होतो, कारण कापणार कोण? एका वर्षी एका उत्साही गृहस्थांनी फोटोला घालायला मोगऱ्याचा हार आणला, तेव्हा आईने त्यांना दारातच झापलं. “जिवंत माणसाच्या फोटोला हार? डोकं ठिकाणावर आहे ना?” हार मग गणपतीला गेला.

अशी माझी आई. लग्नाआधी गिरगावात गणेशोत्सवात गायची, काळी चार या पट्टीत, म्हणजे पेटीवरची चौथी काळी ‘सा’ धरून. गायिका सुमन कल्याणपूरांची गाणी तिची खास. गेल्या वर्षी आमच्याकडे सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर होतं. ट्रॅक लावायला आलेल्या माणसाला तिने आधीच सांगून पाहिलं, मला ही पट्टी चढते, थोडी खाली घेता येईल का? “आजी, आहे तो ट्रॅक असा आहे. जमलं तर म्हणा.” लॅपटॉपवरून नजरही वर नाही. ती तशीच गायली. अंतऱ्यात वर जाताना आवाज चिरकला, आणि त्या माणसाने चालू गाणं बंद करून माइकवर पुकारलं, “चला, पुढचं कोण?”

दोघं-तिघं हसलेही. आमच्याच गटातले. आई खाली येऊन बसली, वडा खाल्ला, सगळ्यांशी नीट बोलली आणि त्या दिवसापासून गाणं बंद. कुकर लावताना गुणगुणायची तेसुद्धा बंद. यंदाच्या यादीतून तिचं नाव काढताना “त्यांना उगाच ताण नको” असं एकाने मला समजावलं. माझा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची घाईही नाही.

तुम्हाला कोणी सुचवलं, यादी कशी बदलली, कोणाशी किती भांडले, ते सोडून देते. तुम्ही घरी आलात तेव्हाचं मात्र सांगते. आई आतून बाहेर यायला तयार नव्हती. तुम्ही पेटी उघडली, भाता मारलात आणि आमच्याशी काही न बोलता ‘केतकीच्या बनी’ची सुरावट धरलीत, अगदी सावकाश. स्वयंपाकघरातून आवाज आला, “फार वर आहे ते.” तुम्ही म्हणालात, “मग सांगा ना ताई, कुठे हवंय?” तिला असं विचारणारं बऱ्याच काळात कोणी भेटलं नव्हतं. काळी तीन ठरली.

पण मला खरे आभार मानायचेत ते कार्यक्रमातल्या एका गोष्टीसाठी. हॉलमध्ये तुमच्या मागे पाण्याची बाटली घेऊन मी उभी होते, म्हणून मला दिसलं. चहाच्या वेळी आई दोनदा खाकरली. पावसाळी हवा, त्यात घसा धरलेला. तुम्ही ते ऐकलंत. निवेदक तेव्हा ‘मिले सुर मेरा तुम्हारा’बद्दल बोलत होते: 15 ऑगस्ट 1988 ला ते दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं, चालीत पत्कींचा हात, आणि आपल्याला मात्र पडद्यावरचे चेहरेच आठवतात. (निवेदन लांबलं म्हणून एरवी मी चिडले असते.) तेवढ्यात तुम्ही तबलजीकडे पाहून एक बोट खाली केलंत. त्याने हातोडीने तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीवर, खालून हलके टोले दिले, कान लावून पाहिलं, पुन्हा दिले. तुम्ही तानपुऱ्याच्या यंत्राचं बटण फिरवलंत. आई माइकपाशी आली तेव्हा तुम्ही काळी तीन सोडून पांढरी चारचा सा दिला होता. अर्धाच स्वर खाली. कोणाला काही कळलं नाही.

अंतरा आला. आई वर गेली आणि पोचली. तिचा दम सुटतोय असं दिसलं तिथे तुम्ही पेटीवर तोच स्वर धरून ठेवलात, ती पुन्हा येईपर्यंत. गेल्या वर्षी हसलेल्यांपैकी एकाने वन्समोअर दिला. त्याला मी काही बोलले नाही, वडा मात्र दिला नाही.

पत्की स्वतः सुमनताईंच्या साथीला पेटीवर बसत, हे आमच्या गटात सगळ्यांना पाठ आहे. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘राधा ही बावरी’चे शब्दही त्यांचेच, हेही आम्ही एकमेकांना सांगत असतो. पण त्यांच्या जाहिरातींच्या धून देशभर लोकांनी गुणगुणल्या, आणि जाहिरातीखाली संगीतकाराचं नाव कुठे येतं? ‘आभाळमाया’ मालिकेचं शीर्षकगीत लागलं की आमच्या घरी पोळी तव्यावर करपायची, तरी ही चाल कोणाची, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. गाणाऱ्याला पुढे करून मागे बसणारी ही माणसं. बसमध्ये म्हाताऱ्याला न बोलता खिडकीची जागा देणारी, फॉर्म भरून देऊन मागच्या माणसाला पेन देऊन जाणारी, हीही त्याच जातकुळीची. ती आहेत म्हणून आपलं बरं चाललंय. नाहीतर “जमलं तर म्हणा” म्हणणारे तर पावलोपावली भेटतात.

तुम्हाला वाटत असेल, आईला यातलं काही माहीत नाही आणि मी इथे सगळं फोडतेय. रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, “पांढरी चार दिली होती त्यांनी. मला काय कळत नाही होय?” आणि मग घरापर्यंत तबलजीचं कौतुक. तुमचं केलं नाही. तुमच्याबद्दल बोलायला लागली की तिचे डोळे भरतात, आणि रिक्षात रडणं तिला पसंत नाही.

आता ती रोज सकाळी बसते. पुढच्या वर्षी ‘नाविका रे’ म्हणायचं घाटतंय. पट्टी तुम्हीच ठरवायची, असा निरोप आहे. गणपती-नवरात्रात तुमची धावपळ असेल, म्हणून दसरा झाला की फोन करते. मानधनाचं पाकीट तुम्ही पेटीच्या झाकणाखाली परत ठेवून गेलात, ते मला सापडलंय. या वेळी ते काकूंच्या हातात देणार आहे, मग बघू कसं परत करता ते.

तुमची,
‘केतकीच्या बनी’वाल्या ताईंची मुलगी