‘गोंगाट’ म्हणून दार लावू नका

महोदय,
गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका सभागृहाने माझ्या भाच्याच्या बँडला तारीख नाकारली. कारण काय, तर ‘हे संगीत नव्हे, गोंगाट आहे’. मन फार दुखावले.

न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’ या रॉक बँडलाही हेच ऐकावे लागले होते. मार्च १९६७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, खपला मात्र अगदी थोडा. १९६८ मध्ये त्यांचे व्हायोलावादक जॉन केल बाहेर पडले, १९७० मध्ये गायक-गीतकार लू रीड. तोच बँड १९९६ मध्ये अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला.

मी मिरजेचा, म्हणून मला केल यांचे वादन विशेष जवळचे वाटते. त्यांनी व्हायोलाची (व्हायोलिनहून थोडे मोठे वाद्य) घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून सपाट केली, म्हणजे अनेक तारा एकदम, अखंड गुंजत राहतील. तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासण्याच्या कामावर, दिवसचे दिवस घालवणारे आमचे कारागीर हे चटकन ओळखतील! हा अखंड स्वर केल यांनी अमेरिकन संगीतकार ला मॉन्टे यंग यांच्या सोबतीने घोटला होता. तेच यंग पुढे किराणा घराण्याच्या पं. प्राणनाथांचे शिष्य झाले. आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेच्या दर्ग्यातच विसावले आहेत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा नवा खेळ मांडला तो याच सांगलीत. सभागृहांनी महिन्यातली एक संध्याकाळ तरी या मुलांना परवडेल अशा भाड्यात द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज