काढलेली जलपर्णी काठावरच

महोदय,

सुट्टीच्या दिवशी सकाळी ओढ्यात उतरून जलपर्णी ओढणाऱ्यांपैकी मी एक. आमचे फोटो छापून येतात, आनंद आहे. पण काढलेल्या जलपर्णीचे पुढे काय होते, हे कुणी विचारत नाही. ती काठावरच पडून राहते. गाडी पाठवतो म्हणणारे पाठवत नाहीत, ढीग कुजतो आणि त्यातले नत्र-स्फुरद पहिल्या सरीबरोबर पुन्हा पाण्यात. म्हणजे नव्या जलपर्णीला आम्हीच खत घालतो!

खरे दुखणे वरच्या अंगाला आहे. पावसाळी गटारांना सांडपाण्याचे पाइप गुपचूप जोडलेले आहेत. भर उन्हाळ्यात अशा गटारातून फेसाळ, कोमट पाणी येत असेल, तर ते कुठले हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अशी तोंडे आम्ही फोटोंसह लेखी कळवली आहेत. पोच मिळाली, बाकी सामसूम.

आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ काँक्रीटने बांधू नका, ही हात जोडून विनंती. लव्हाळ्याची, पाणकणसाची मुळे माती धरून ठेवतात, गाळ अडवतात. ते काम भिंतीला जमत नाही. हातमोजे, दाताळी आम्ही आमची आणू. गाडी तेवढी त्याच दिवशी पाठवा.

— ओढ्याकाठचा एक स्वयंसेवक