खरे ठरले म्हणजे नेमके काय ठरले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘उत्खननाने बायबल खरे ठरले’ हा लेख वाचला आणि त्यावर बुधवारी आलेले ‘हे सगळे थोतांड’ असे ठणकावणारे पत्रही वाचले. दोघांची गल्लत एकच आहे. हिब्रू बायबल, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, हे एका बैठकीत लिहिलेले पुस्तक धरून दोघेही त्याला पास-नापास करायला बसले आहेत. प्रत्यक्षात तो शेकडो वर्षांत, अनेक हातांनी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. त्यातल्या एका राजाचे नाव दगडावर सापडले म्हणून शेजारचे पान आपोआप खरे होत नाही, आणि एक तटबंदी सापडली नाही म्हणून सगळी बाडे रद्दीत जात नाहीत.

लेखात अश्शूरचा (आजच्या इराकमधल्या प्राचीन साम्राज्याचा) राजा सन्हेरीब याच्या यहूदावरील, म्हणजे जेरुसलेम राजधानी असलेल्या ज्यू राज्यावरील, स्वारीची दोन ओळींत बोळवण केली आहे. ग्रंथ आणि जमीन शेजारी ठेवून पाहायचे तर इ.स.पू. ७०१ इतके चांगले वर्ष दुसरे नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात यहूदाचा राजा हिज्कीया सन्हेरीबला तीस किक्कार (त्या काळचे एक मोठे वजनी माप) सोने आणि तीनशे किक्कार चांदी खंडणी देतो. अश्शूरची राजधानी निनवे इथे सापडलेल्या सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर सन्हेरीब स्वतः तेच सांगतो. सोने तीसच, चांदी मात्र आठशे! हिज्कीयाची ४६ तटबंदीची गावे घेतली आणि त्याला जेरुसलेममध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले, अशी बढाई तो मारतो. पण जेरुसलेम जिंकले असे म्हणत नाही. ग्रंथ म्हणतो, परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत एक लाख पंच्याऐंशी हजार अश्शूरी मारले. दूताचा पुरावा कुठल्या फावड्याला लागणार? शहर पडले नाही, एवढ्यावर मात्र शत्रूचेही मौन साक्षीला आहे.

आता लाखीश पाहा. यहूदातले जेरुसलेमच्या खालोखाल महत्त्वाचे शहर, आणि ग्रंथात त्याचा उल्लेख फक्त जाता जाता: राजा तिथे तळ देऊन होता, एवढाच. स्तंभावर तर नावही नाही. पण निनवेच्या राजवाड्यात सन्हेरीबने एक अख्खे दालन लाखीशच्या वेढ्याने कोरून घेतले होते. ते शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तट फोडणाऱ्या यंत्रावर वरून पेटत्या मशाली पडताहेत आणि यंत्राच्या आतला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने पाणी ओतून आग विझवतोय. एकीकडे बैलगाडीत बोचकी आणि त्यांवर बायकापोरे बसवून कुटुंबे गावाबाहेर निघाली आहेत. सिंहासनावरच्या सन्हेरीबचा चेहरा पुढे कोणीतरी मुद्दाम फोडला आहे. जेरुसलेम घेता आले नाही म्हणून लाखीश एवढे मोठे कोरले, असा माझा तर्क आहे.

लाखीशच्या टेकडीवर नैर्ऋत्य कोपऱ्यात अश्शूरी सैन्याने दगड टाकून रचलेला चढ आजही दिसतो. त्याच्या आसपास बाणांची शेकडो लोखंडी टोके निघाली. पण तिथल्या उत्खननात निघालेला जळालेल्या वस्तीचा तिसरा थर ७०१ चा की बॅबिलोनच्या ५९७ च्या स्वारीचा, यावर अभ्यासकांत बराच काळ वाद होता. डेव्हिड उसिश्किन यांनी १९७३ पासून थर सोडवत खणले आणि तो ७०१ चा ठरला. ‘राजाचे’ असा शिक्का कानांवर असलेले रांजण त्याच थरातले. त्यामुळे त्या शिक्क्यांना तारीख मिळाली आणि यहूदातल्या इतर गावांत ते सापडले की तिथला थरही ओळखता येऊ लागला. पुरातत्त्वाचे खरे काम हे असते. पण त्याला मथळा मिळत नाही.

लेखात तेल दानच्या शिलालेखाला ‘दाविदाचा’, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचा, ‘पुरावा’ म्हटले आहे. १९९३ साली उत्तर इस्रायलमध्ये सापडलेला हा अरामी भाषेतला लेख इ.स.पू. नवव्या शतकातल्या एका शत्रुराजाचा आहे आणि त्यातली अक्षरे ‘दाविदाचे घराणे’ अशीच वाचावीत, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यावरून एवढे ठरते की शेजारचे राजे यहूदाच्या राजवंशाला दाविदाच्या नावाने ओळखत. दाविदाच्या कथांतल्या गल्याथ आणि बथशेबा यांच्याबद्दल तो दगड चकार शब्द काढत नाही.

यरीहोबाबत, म्हणजे ज्याची तटबंदी यहोशवाच्या नेतृत्वाखाली कोसळली असे ग्रंथ सांगतो त्या शहराबाबत, तर लेखक नव्वद वर्षे मागे आहेत. जॉन गार्स्टँग यांनी १९३० च्या दशकात यहोशवाने पाडलेली म्हणून जी भिंत दाखवली, ती यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्याही सुमारे हजार वर्षे आधीची, हे कॅथलीन केन्यन यांच्या १९५२ ते १९५८ च्या उत्खननात दिसून आले. मी अलिबागचा. नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची, परंपरा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्या गलबताची फळी कोणी दाखवलेली नाही. म्हणून शनिवार तेल्यांना (बेने इस्रायलांचेच हे इथले नाव) इथे कोणी खोटे म्हणत नाही, आणि इतिहासकार त्या फुटलेल्या गलबतावर ठाम साल टाकायलाही धजत नाहीत. यरीहोच्या बाबतीत एवढा धीर धरायला काय हरकत आहे?

आणखी एक. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमकडे असलेले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांचे) म्हणवले जाणारे १६ तुकडे २०२० साली तपासणीत सगळेच्या सगळे बनावट निघाले. चामडे जुने, शाई नवी. ते कुठल्या शास्त्रीय उत्खननातून नव्हे, खरेदीतून आलेले होते. उलट १९७९ साली गाब्रिएल बारकाय यांना जेरुसलेमजवळच्या थडग्यात मिळालेली चांदीची दोन छोटी भेंडोळी, ज्यांवर ‘गणना’ पुस्तकातल्या आशीर्वादाच्या ओळी आहेत, ती नेमकी कुठे आणि कशाबरोबर सापडली याची नोंद आहे. लेखात या दोन्हींना एकाच दमात ‘पुरावा’ म्हटले आहे.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे कळते. त्यात प्रत्येक वस्तूखाली ती खणून काढली की विकत घेतली, कोणत्या थरातली, आणि ग्रंथाच्या कोणत्या अध्यायाशी तिचा संबंध, एवढे छापावे. जागेची अडचण असेल तर तांबड्या समुद्रातल्या (ग्रंथानुसार जिथे इजिप्तचे सैन्य बुडाले) ‘रथाच्या चाकां’चे चार कॉलमी छायाचित्र पुन्हा टाकू नये. तशी चाके तिथे कोणत्याही पुरातत्त्वीय उत्खननात मिळालेली नाहीत.

कळावे,
आपला एक वाचक,
अलिबाग