रात्री नऊचा फोन

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तू मोठ्याने वाच. बाबांनी भिंग घेऊन बसायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पण तरीही तूच वाच.

जे सांगायचंय ते फोनवर तीनदा सांगायला घेतलं. पहिल्यांदा बाबांचा डोळ्याच्या इंजेक्शनचा दिवस निघाला, दुसऱ्यांदा तू दादाविषयी बोलत होतीस, आणि तिसऱ्यांदा मलाच जमलं नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून माझ्या कामाची वेळ बदलतेय. संध्याकाळी सहाला सुरू होऊन काम रात्री दोनपर्यंत चालेल. म्हणजे आपला नऊचा फोन आता रोज होणार नाही. मी हो म्हणून बसले आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही दोघांनी एका सुरात "आमची काळजी करू नकोस" म्हटलं असतंत आणि मग मला हो म्हणणं आणखी जड गेलं असतं.

दुसरा पर्याय फिरतीचा होता. महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यात बाबांच्या डोळ्यांची तारीख आली असती तर मी कुठे असते देव जाणे. या कामात मी एका जागी आहे, सकाळ मोकळी आहे, आणि लागेल तेव्हा चार दिवसांची रजा मिळेल असं मी आधीच विचारून घेतलंय. दिवसा निघता येतं, म्हणजे तपासणीला मी स्वतः येऊ शकेन. खूप विचार केला. दादाशीही बोलले. तो म्हणाला, घे. तरीसुद्धा नऊ वाजले की तुम्ही दोघं फोनकडे बघाल, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या पावसाळ्यानंतर आपण एकही रात्र चुकवलेली नाही. मला ते ठाऊक आहे, आई. तू मोजत असशील हेही ठाऊक आहे.

रविवारी सकाळी साडेनऊला मी फोन करीन, घाई न करता. बुधवारी दुपारी तीनला परत. मधल्या रात्रींसाठी मी काही पॉडकास्ट, म्हणजे फोनवर हवे तेव्हा लावून ऐकता येणारे रेडिओसारखे कार्यक्रम, निवडून ठेवले आहेत, त्याबद्दल हे सगळं पत्र आहे. माझ्या जागी यंत्र बसवलं असं मनात आणू नका. हे सगळं मी स्वतः ऐकते. कपडे वाळत घालताना, प्रवासात, झोप येत नाही तेव्हा. आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक वेळी मनात येतं, हे बाबांना सांगायला हवं, हे आईला ऐकवायला हवं. नऊच्या फोनवर गोळ्या घेतल्या का, पाय दुखतो का, यातच वेळ जायचा आणि ते राहूनच जायचं.

दादा शनिवारी येऊन एक छोटा स्पीकर लावून देईल. त्याच्या चालू-बंदच्या बटणावर मी शिवणाच्या डब्यातला मणी चिकटवलाय. बाबा, बोटाला तो मणी लागला की दाबायचं, बघायची गरज नाही. फोनवरचं तुमचं आधीचं ॲप बंद पडलंय, म्हणून दादा दुसरं घालेल. त्याने काही बिघडत नाही. पॉडकास्टचं असं असतं की करणारा माणूस आपला भाग एका ठिकाणी ठेवतो आणि त्याची यादी सगळी ॲप वाचतात. त्यामुळे बहुतेक कार्यक्रम कुठल्याही ॲपवर तेच मिळतात. आणि बाबा, शब्द कुठून आला हे तुम्ही विचारणारच. २००४ साली बेन हॅमर्सली नावाच्या पत्रकाराने 'द गार्डियन'मधल्या लेखात तो पहिल्यांदा वापरला. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट.

आता मुख्य गोष्ट. बाबा, मला गोवर झाला होता तेव्हा खोलीत अंधार करून ठेवला होता, आठवतं? डोळ्यांना उजेड नको म्हणून पुस्तक बंद, चित्रं बंद. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही कामावरून आलात की पलंगाच्या कडेला बसायचात आणि म्हणायचात, "डोळे मिट, हात पुढे कर." हातावर काहीतरी ठेवायचात. शर्टाचं बटण, स्क्रू, शिंपला, एकदा घड्याळाचं चाक. ओळखायचं नुसतं नव्हतं. त्याची कड कशी, गार की कोमट, कोणी बनवलं असेल, कशाला बनवलं असेल, हे सांगायचं. त्या घड्याळाच्या चाकाचे दात मी बोटाने मोजले होते. अजून बोटाला आठवतात.

'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स' ऐकताना मला ती खोली आठवली. बीबीसी रेडिओ फोर आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून २०१० साली केलेला कार्यक्रम. शंभर वस्तू, शंभर भाग, एकेक भाग पंधरा मिनिटांच्या आसपास. म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर सांगतात. रेडिओवर वस्तू दाखवता येत नाही, म्हणून तो माणूस ती तुमच्या तळहातावर ठेवल्यासारखी बोलतो. तिचं वजन, कड, कुठे घासली गेली आहे, कुणाच्या हातातून गेली असेल. ज्याला दिसतंय आणि ज्याला दिसत नाही, ते दोघे तिथे एकाच बाकावर बसलेले असतात. म्हणून तुमच्यासाठी हेच पहिलं.

पहिला भाग इजिप्तच्या ममीचा आहे, तो आईला रात्री नको. दुसऱ्यापासून सुरू करा. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत सापडलेलं दगडी हत्यार, १८ ते २० लाख वर्षांपूर्वीचं. गोटा घेऊन त्याचे टवके उडवून कोणीतरी धार काढली आहे. तेराव्या भागात सिंधू संस्कृतीची मुद्रा आहे, जिच्यावरची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. तिथे तुम्ही बराच वेळ थांबाल, मला माहीत आहे. सम्राट अशोकाच्या स्तंभाचा तुकडाही पुढे येतो. आणि शेवटची, शंभरावी वस्तू आहे सौरऊर्जेवरचा दिवा आणि चार्जर. एका दिवसात चार-चार ऐकून संपवू नका. रोज एक.

इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी करता येतो, दादाला सांगून ०.८ वर ठेवून घ्या. काही निसटलं तर पंधरा सेकंद मागे जायची सोय आहे. "जाऊ दे, समजलं" म्हणून सोडून देऊ नका, बाबा. तुम्ही आम्हाला कधी सोडू दिलं नाहीत.

आई, आता तू. तुझ्यासाठी 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' निवडलंय. नाव इंग्रजी आहे म्हणून तोंड फिरवू नकोस. १९४२ साली, युद्ध चालू असताना रॉय प्लम्ली यांनी तो बीबीसीवर सुरू केला, आणि अजून चालू आहे. पाहुण्याला सांगतात, तू एका निर्जन बेटावर अडकणार आहेस, सोबत आठ गाणी ने. का नेशील ते सांग. त्या गाण्यांच्या आडून माणसं आपलं सगळं आयुष्य सांगून जातात. आईविषयी, गेलेल्या माणसांविषयी, जे कधी बोललेच नाहीत त्याविषयी. शेवटी एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू न्यायला मिळते, आणि विचारतात, लाट आली आणि आठातलं एकच वाचवता आलं तर कुठलं? पॉडकास्टमध्ये गाण्याचा छोटासा तुकडाच वाजतो, पूर्ण गाणं ऐकायला मिळणार नाही. पण बोलणं पुरेसं आहे. बाबांनी मध्ये मध्ये थांबवून तुला मराठीत सांगायचं. आणि बाबा, नीट सांगा, सारांश नको.

तुझी आठ गाणी कुठली, आई? इतकी वर्षं रोज रात्री तुला फोन करतेय आणि हे मी एकदाही विचारलं नाही. तुला काय आवडतं हे आपल्या घरात कोणीच फारसं विचारलं नाही. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहायला घे. घाई नाही. आठवड्याला एक लिहिलंस तरी चालेल. वाचवायचं गाणं कुठलं ते मात्र लिहू नकोस, मला फोनवर सांग.

मराठीतही भरपूर आहे. 'मित्रम्हणे'मध्ये सौमित्र पोटे नाटक-सिनेमातल्या माणसांशी निवांत गप्पा मारतात, ते तुझ्या दुपारसाठी. 'अमुक तमुक' ओंकार जाधव आणि शार्दुल कदम करतात. नाती, मन, शरीर, घरात ज्यावर आपण गप्प बसतो असे विषय घेतात आणि त्यातल्या जाणकारांना बोलवतात. काही भाग ऐकताना मला तुमच्याशी नीट बोलायची हिंमत आली, हे पत्रही त्यातलंच. 'गोष्ट दुनियेची' हा बीबीसी मराठीचा, जगातला एखादा प्रश्न घेऊन तो उलगडतात. संध्याकाळच्या बातम्यांतल्या आरडाओरड्याऐवजी तो लावा. बाबांचं रक्तदाब मोजायचं यंत्रही दुवा देईल.

बाबांना वादाची भूक लागली की 'इन अवर टाइम'. एक विषय, तीन अभ्यासक, आणि इतकी वर्षं समोर सूत्रधार होते मेल्विन ब्रॅग. ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाला आणि हजारावर भाग झाले. ब्रॅगनी तो सुरू केला तेव्हा ते ५९ वर्षांचे होते आणि ८५ व्या वर्षापर्यंत चालवला. "आता या वयात काय नवीन शिकायचं" असं तुम्ही मागच्या महिन्यात म्हणालात ना, त्याला हे माझं उत्तर. आणि अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन'. २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा भाग छोटे असत, आता एकेक भाग कित्येक तासांचा असतो. इंजेक्शननंतर डोळा मिटून पडायचं असतं तेव्हा तो ठेवा. एक भाग आठवडाभर पुरेल.

गुन्ह्यांचे मात्र नकोत. मला पॉडकास्टचा नाद लागला तो 'सिरियल'मुळे. २०१४ सालचा, सारा केनिग यांचा. १९९९ मधल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाच्या प्रकरणावर बारा भाग. फार चांगला आहे, पण मी तीन रात्री दिवा लावून झोपले. आई, तू तर महिनाभर दाराच्या कड्या तपासत बसशील. काकांच्या वेळचं मी विसरलेले नाही.

आता थोडं ऐका. आवाज निम्म्याच्या फार वर न्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास ही हद्द सांगितली आहे, आणि एका इंद्रियाने दगा दिला असताना दुसरं आपण जपायचंय. रस्त्यावर चालताना कानात काहीही घालायचं नाही, बाबा, एका कानातही नाही. गाडीचा आवाज हाच आता तुमचा डावा डोळा आहे. झोपताना टायमर लावा, भाग संपला की आपोआप बंद होतो. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की कार्यक्रम थांबवा, "हा भाग संपू दे" चालणार नाही. आई, तू भाग ऐकता ऐकता उठून कामं काढू नकोस. बस. पाय वर घे. पंधरा मिनिटांत घर कुठे जात नाही.

आणि एखाद्या रात्री यातलं काहीच नको वाटलं, माझाच आवाज हवा वाटला, तर सरळ फोन करा. काम असो, काही असो. मी बाहेर येऊन घेईन. वरिष्ठांना तसं सांगून ठेवलंय. एक वाजता केलात तरी चालेल, दचकणार नाही.

पहिल्या रविवारपर्यंत ओल्डुवाईचा दगड ऐकलेला हवा. मीही त्याच आठवड्यात पुन्हा ऐकीन. साडेनऊला फोन लावला की मी डोळे मिटून हात पुढे करून बसते. बाबा, तुम्ही तो दगड माझ्या हातावर ठेवायचा. कड कशी, वजन किती, गार की कोमट, सगळं सांगायचं.

तुमची,
बेबी

ता. क. स्पीकर रात्री चार्जिंगला लावायचं काम आईचं. लाल दिव्याचा हिरवा झाला की काढ. हिरवा-लाल बाबांना विचारू नकोस, तूच बघ.